ओल्म आणि लांबकान्या जर्बोआ: जास्त दुर्मिळ कोण?

युरोपातल्या गुहांमधला ओल्म सॅलमँडर आणि गोबी वाळवंटातला लांबकान्या जर्बोआ, यांत जास्त दुर्मिळ कोण, असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: ओल्म. जर्बोआ अनोळखी आहे, पण त्यामुळे तो दुर्मिळ ठरत नाही. आययूसीएनने (कोणता जीव किती धोक्यात आहे याची जागतिक यादी ठेवणारी संस्था) पूर्वी त्यालाही धोक्यात धरलं होतं, पुढे त्या यादीतून काढलं.

जर्बोआ म्हणजे मागच्या पायांवर उड्या मारणारा उंदीर. धड जेमतेम ७ ते ९ सेंमी, शेपूट त्याच्या जवळजवळ दुप्पट, कान डोक्याहून लांब. रात्री बाहेर पडून किडे टिपतो. २६ जुलै २००५ला आपल्या सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. गोबीत वर्षभराचा पाऊस साधारण २०० मिमीच्या आत. तिथे हा जीव टिकतो, याचं मला अजून नवल वाटतं.

पण माझा जीव अडकलाय तो ओल्ममध्ये. सॅलमँडर दिसायला पालीसारखा, पण तो बेडकाचा भाऊबंद. (आपल्या सह्याद्रीत बेडूक आहेत, देवगांडूळ (बेडकांचेच बिनपायांचे नातलग) आहेत, सॅलमँडर नाही. भारतात तो बघायला दार्जिलिंगकडे जावं लागतं.) ओल्म राहतो स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्नियाकडच्या चुनखडीच्या गुहांत, गार पाण्यात. डोळे कातडीखाली झाकलेले, अंग फिकट गुलाबी, आणि लाल कल्ले जन्मभर तसेच. २०१०च्या एका अभ्यासानुसार प्रौढ ओल्म सरासरी ६८ वर्षं जगतो आणि मादी साधारण साडेबारा वर्षांतून एकदा अंडी घालते. बोस्निया-हर्झेगोविनात खूण करून सोडलेला एक ओल्म २,५६९ दिवसांनी त्याच जागी सापडला. सात वर्षं!

इतक्या संथ जीवाची संख्या एकदा घटली की भरून यायला पिढ्या जातात. त्यात चुनखडी पाणी नीट गाळत नाही. वर सांडलेलं भेगांतून थेट खाली उतरतं. स्लोव्हेनियात क्रुपा नदीच्या उगमात कारखान्यातलं पीसीबी हे विषारी रसायन झिरपलं, हे १९८०च्या दशकात उघड झालं. मिठी नदीची घाण निदान दिसते, नाकाला कळते. क्रुपाचं पाणी मात्र नितळ दिसतं.

गुहेत न उतरता, झऱ्याच्या पाण्यातल्या डीएनएवरून आत ओल्म आहे का, हे आता शोधता येतं. तुम्हाला पुढे वाचायचं असेल तर तिथून सुरुवात करा.