पैलवानाचं घोरणं

‘काकू, नवरा ४६ वर्षांचा. पेठेतल्या तालमीत पंधरा वर्षं घाम गाळला, आता दुधाचा टेंपो चालवतो. दोन्ही गुडघे गेलेत, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. तरी अकरा वर्षांच्या पोराला तालमीत घालायचंच म्हणतो. रोज वाद. चिडचिड तर विचारू नका. रात्री घोरून गल्ली उठवतो, मधेच श्वास अडकला की मी कोपरानं ढोसते, मग परत इंजिन सुरू. असल्या माणसाला समजवायचं कसं?’
— पैलवानाची बायको, कोल्हापूर

पोराचं राहू दे बाजूला. किती वर्षं ढोसतेस गं? गुडघ्यांसाठी दवाखान्याच्या एवढ्या खेपा घातल्यास, तिथं एकदा तरी हे बोललीस? नसशीलच. घोरणं म्हणजे आपल्याकडं थट्टेचा विषय.

झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि कुणाकुणाची श्वासाची वाटच मिटते. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकतो, माणूस हबकून श्वास ओढतो. एका रात्रीत असं कितीतरी वेळा. डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात. यानं रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो, दिवसा डुलक्या लागतात. आणि तुझा नवरा टेंपो चालवतो!

पैलवानाची मान मुळात जाड. तालीम सुटली की जोर-बैठका सुटतात, पण थंडाई, तूप, मटण कुठं सुटतंय? मग त्याच मानेवर चरबी चढते. पुरुषाची मान १७ इंचांच्या वर गेली की या आजाराचा संशय घ्यावा. टेप घे आणि मोज.

आमच्या बोळात एक पैलवान मामा होते. कान फुटलेले, मान बैलाची. कट्ट्यावर बोलता बोलता झोपायचे, आम्ही पोरं फिदीफिदी हसायचो. पुढं त्यांना अर्धांगवायू झाला. त्या झोपेचा याच्याशी काही संबंध होता का, हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

आता गुडघे. ऑपरेशनला भूल देणार. साध्या झोपेत ज्याचा श्वास अडकतो, त्याला भुलीत आणि नंतरच्या कडक वेदनाशामकांत धोका जास्त. भूल देणाऱ्या डॉक्टरला हे आधी कळायलाच हवं.

म्हणून आज रात्री ढोसायच्या आधी मोबाईल काढ. श्वास अडकतो तेवढं टिपून घे, मग ढोस हवं तेवढं. तो व्हिडिओ सर्जनला दाखव आणि ऑपरेशनच्या आधी झोपेची तपासणी करून घ्या. तोवर टेंपो दुसऱ्याच्या हाती. झोपताना श्वासाची वाट उघडी ठेवणारं मशीन लावायला सांगितलं तर लावायचं. ‘पैलवानाला काय धाड भरलीय’ म्हणणारे कट्ट्यावर भेटतीलच, त्यांना माझ्याकडं पाठव.

चिडचिडीचं विचारतेस? वर्षानुवर्षं नीट न झोपलेला माणूस काय गोड बोलणार?

पोराचं भांडण बाप धड झोपायला लागल्यावर करा. त्यात मी तुझ्याच बाजूनं असेन, असं मात्र धरून चालू नकोस.

— काकू