बँकेच्या व्यवहारांवर कर : लोकांचा होकार नेमका कशाला?

प्रश्न : 'बँकांच्या आर्थिक व्यवहारांवर किरकोळ कर लावून तो पैसा गरिबांसाठी वापरावा का?' असं विचारलं की आमच्या यार्डात सगळे हो म्हणतात. 'तुमच्या खात्यातून जाणाऱ्या प्रत्येक रकमेवर' म्हटलं की तीच माणसं माना फिरवतात. खरं लोकमत कोणतं धरायचं?
— हळदीचे अडते, मार्केट यार्ड, सांगली

उत्तर : दोन्ही खरी आहेत. नाव एकच असलं तरी हे कर दोन आहेत.

पहिला कर सट्ट्यावरचा. चलनाच्या सट्टेबाजीला आळा घालण्यासाठी अमेरिकी अर्थतज्ज्ञ जेम्स टोबिन यांनी तो १९७२ मध्ये सुचवला. २०१० साली ब्रिटनमध्ये 'रॉबिन हूड कर' नावाने मोहीम निघाली, तिची मागणी साधारण ०.०५ टक्क्याची होती. तो शेअर, रोखे, चलन यांच्या मोठ्या उलाढालीवर लागावा आणि सामान्य खातेदाराला त्याची झळ बसू नये, असा तिचा आग्रह होता. आपल्याकडे या जातीचा कर १ ऑक्टोबर २००४ पासून आहेच. डिलिव्हरीने शेअर घेतला की शंभराला दहा पैसे, विकला की पुन्हा दहा पैसे. २०१३ मध्ये वस्तूंच्या वायदे बाजारातही असा कर आला, पण हळदीसारखा शेतमाल त्यातून वगळला.

दुसरा कर खात्यातून निघणाऱ्या प्रत्येक रकमेवरचा. ब्राझीलने तो १९९७ ते २००७ या काळात घेतला, शेवटी दर ०.३८ टक्के होता. हाच दर आपल्या सौद्याला लावून बघा. दहा क्विंटल हळद, भाव १४,००० धरला तर बिल १,४०,००० रुपये. खरेदीदार अडत्याला देतो, अडत्या शेतकऱ्याला, पावडरवाला खरेदीदाराला, घाऊक व्यापारी पावडरवाल्याला आणि किराणा दुकानदार घाऊकवाल्याला. प्रत्येक वेळी ५३२ रुपये कापले जातील. पाच हातांत २,६६० रुपये, म्हणजे जवळपास दोन टक्के, तेही मधली भाववाढ न धरता. जीएसटीत आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, इथे ती नाही. त्यामुळे हा बोजा किरकोळ भावात उतरतो आणि मजुराच्या घरातल्या हळदीच्या पुडीपर्यंत पोचतो. ज्याच्यासाठी कर, त्याच्याच खिशातून वसुली! म्हणून आमचं मत पहिल्या कराच्या बाजूने आहे, दुसऱ्याच्या नाही.

वर्षात एक कोटीवर रोख काढली की बँक दोन टक्के कापते, त्याचीही यार्डात यात गल्लत होते. तो वेगळा कर नाही, टीडीएस आहे. विवरणपत्र भरताना तो आयकरात जमा धरला जातो.

प्रश्न : या विषयावर विद्यार्थ्यांकडून पाहणी करून घ्यायची आहे. काय काळजी घ्यावी?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : 'गरिबांसाठी' हा शब्द पहिल्याच प्रश्नात घालू नका. तो ऐकल्यावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही. कर कोणाकडून, कशावर आणि किती, हे आधी सांगा. दर टक्क्यात न सांगता रुपयांत सांगा : दहा हजारांवर पाच रुपये. पैसा कशावर खर्च व्हावा, हे त्यानंतर विचारा. निम्म्या अर्जांत दोन्ही करांच्या प्रश्नांचा क्रम उलटा ठेवा आणि 'सांगता येत नाही' हा पर्याय द्याच. मुलं बँकेच्या दारात किंवा पोवई नाक्यावरच उभी राहिली, तर शेतमजूर बाया सुटतात. मतदार यादीतून चिठ्ठ्या काढून ४०० नावं निवडली, तर चूक साधारण पाच टक्के इकडेतिकडे राहते. ओळखीतल्या दोन हजार जणांना विचारूनही तेवढी खात्री येत नाही.

प्रश्न : पण जमलेला पैसा गरिबांपर्यंत पोचेल याची हमी काय?
— एक निवृत्त कर्मचारी, तासगाव

उत्तर : हमी कायद्यातच लिहून घ्यावी लागते. शेअर व्यवहारावरचा आपला कर सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो, गरिबांसाठी वेगळा काढला जात नाही. ब्राझीलने मात्र ०.३८ मधले ०.२० आरोग्याला, ०.१० सामाजिक सुरक्षेला आणि ०.०८ गरिबी निवारणाला असे वाटे ठरवले होते. तुमच्या तालुक्यातलंच उदाहरण घ्या. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी विसापूरला ज्याचा प्रयोग केला, त्या रोजगार हमीसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. कर जितका जमेल तितकीच भर सरकारने घालायची, हे पुढे कायद्यात आलं. पगारपत्रकात महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापलेले दिसतात, तो हाच कर.