मोटरहोमचा (राहायची सोय असलेल्या गाडीचा) जनरेटर वादळात घरासाठी वापरता येईल का?

येईल. पण शेजाऱ्यांनी सुचवलेला मार्ग, म्हणजे दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून कपडे वाळवायच्या ड्रायरच्या सॉकेटमधून घरात वीज सोडायची, तो आधी डोक्यातून काढून टाका. त्या वायरीला इथे अमेरिकेत ‘सुसाइड कॉर्ड’ म्हणतात ते उगाच नाही. एक टोक सॉकेटमधून निघालं की उघड्या पिनांवर जिवंत वीज असते. त्यात मेन ब्रेकर (घराचा मुख्य स्विच) बंद करायचा राहिला, तर तुमची वीज रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये उलटी शिरते आणि तोच ट्रान्सफॉर्मर तिचे हजारो व्होल्ट करतो. वर खांबावर लाइनमन काम करत असतो.

तुमचं घर ह्यूस्टनजवळ, गाडीत ओनान कंपनीचा ४००० वॉटचा जनरेटर, घरात सेंट्रल एसी, असं तुम्ही लिहिलंय. मीही इथेच राहतो आणि इलेक्ट्रिकलचंच काम करतो, म्हणून स्पष्ट सांगतो: सेंट्रल एसी त्यावर चालणार नाही. त्याला २४० व्होल्ट लागतात आणि तुमचा जनरेटर फक्त १२० व्होल्टचा आहे, जेमतेम ३३ अँपिअर देणारा. गाडीच्या छतावरचा एक एसी आणि वर थोडंफार चालावं, एवढाच त्याचा हिशोब.

गाडीची ती जाड केबल घराला जोडली की घरात वीज येईल, असंही बऱ्याच जणांना वाटतं. ती केबल बाहेरची वीज गाडीत घेण्यासाठी असते. बहुतेक गाड्यांत जनरेटर सुरू झाला की आतला ट्रान्सफर स्विच (बाहेरची वीज घ्यायची की जनरेटरची, हे बदलणारा) तिला तोडतो, त्यामुळे ती उलटी चालत नाही.

घराच्या ब्रेकर-पॅनेललाच जोडायचं असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून बाहेर इनलेट बॉक्स (जनरेटरची केबल लावायची जागा) आणि पॅनेलवर इंटरलॉक बसवून घ्या. मेन ब्रेकर पाडल्याशिवाय जनरेटरचा ब्रेकर वर जाऊच नये, यासाठी इंटरलॉकचा तो पत्रा असतो. गाडीच्या बाजूलाही जनरेटरपासून वेगळं आउटलेट काढावं लागेल. पण इथे एक खोच आहे, जी इंटरनेटवरचे व्हिडिओ सहसा सांगत नाहीत. अमेरिकन घरात १२० व्होल्टच्या दोन विरुद्ध बाजू येतात. काही घरांत, विशेषतः स्वयंपाकघरात, दोन सर्किटांना मिळून एकच न्यूट्रल असतो. बाजू विरुद्ध असल्याने त्यातून दोन्ही करंटांची फक्त वजाबाकी वाहते, म्हणून ते चालून जातं. तुमच्या जनरेटरने दोन्ही बाजूंना एकच १२० व्होल्ट दिले की वजाबाकीची बेरीज होते. दोन सर्किटांवर १५-१५ अँपिअर घेतले तर न्यूट्रलमध्ये ३०, आणि न्यूट्रलला ब्रेकर नसतो. वायर भिंतीत तापत राहते, तुम्हाला पत्ताही लागत नाही. इलेक्ट्रिशियनला हे मुद्दाम विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही, तर दुसरा माणूस बघा.

माझं मत विचाराल तर या खर्चात पडूच नका. गाडीच्या बाहेरच्या सॉकेटमधून १२ गेजची, बाहेर वापरायची एक्स्टेंशन कॉर्ड घ्या आणि घरातला फ्रिज, वायफाय, दोन दिवे, पंखे एवढंच चालवा. ५,००० बीटीयूचा खिडकीतला छोटा एसी साधारण ५०० वॉटच घेतो, म्हणजे एक खोली झोपण्याइतकी गार होते. मायक्रोवेव्ह आणि इस्त्री विसरा. घरात वयस्क आई-बाबा किंवा लहान मूल असेल तर त्याहून सोपं: रात्री त्यांना गाडीतच झोपवा. एसी, फ्रिज, बाथरूम सगळं तिथे आहेच आणि जनरेटरही त्याच्यासाठीच बनलाय.

मात्र धूर. फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासमध्ये घराजवळ किंवा गॅरेजमध्ये जनरेटर चालवून कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेली. गाडी घराच्या दारा-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब उभी करा, एक्झॉस्ट घराकडे नको, शेजाऱ्यांच्या खिडकीकडेही नको. गाडीत आणि घरात दोन्हीकडे चालू असलेला सीओ अलार्म हवाच. गाडी ड्राइव्हवेवर उभी करण्यावर एचओएचे (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेचे) नियम काय आहेत तेही आत्ताच बघून ठेवा, पत्र आल्यावर नको.

पेट्रोलचं बघा. हा जनरेटर निम्म्या लोडवर तासाला साधारण अर्धा गॅलन पितो आणि गाडीच्याच टाकीतून घेतो. टाकी पाव उरली की तो बंद पडतो, म्हणजे गाडी निदान पंपापर्यंत जाते. ५५ गॅलनची टाकी भरलेली असेल तर तीन दिवस सलग निघतात. जुलै २०२४ मध्ये बेरिल चक्रीवादळ आलं तेव्हा इथे २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवड्याहून जास्त काळ. अशा वेळी पंपांनाही वीज नसते. वादळ गल्फमध्ये (मेक्सिकोच्या आखातात) शिरल्याची बातमी आली की त्याच दिवशी टाकी भरा.

एरवी महिन्यातून एकदा दोन तास, निम्म्या लोडवर, तो चालवत राहा, नाहीतर कार्बुरेटरमध्ये पेट्रोल चिकटतं आणि नेमका वादळात तो सुरू होत नाही. ऑइल दर १५० तासांनी बदलायचं असतं. दिवस-रात्र चालवला तर ते आठवड्याच्या आतच येतं, म्हणून ऑइलचा एक कॅन गाडीत टाकून ठेवा.