थ्री नॉट थ्री घेऊन ९०० यार्डांवर? खुशाल उतर, पण आधी हे वाच

तुझा प्रश्न मला समजला तो असा. मार्चमध्ये कंपनी तुला वर्षभर इंग्लंडला पाठवतेय, तिथल्या ऑफिसातला एक जण बिस्लीला, म्हणजे तिकडच्या प्रसिद्ध शूटिंग रेंजवर, शूटिंग करतो, त्याच्याकडे एक ली-एनफिल्ड नंबर ४ (तीच आपली थ्री नॉट थ्री, .३०३) आहे आणि एक स्वीडिश माउझर, आणि ऑक्टोबरात जुन्या हत्यारांची ट्रॅफल्गर मीटिंग असते तेव्हा लांब पल्ल्याच्या मॅचला यातली एक तुला द्यायला तो तयार आहे. तुला मनातून ली-एनफिल्ड हवीय कारण लहानपणापासून हवालदारांच्या खांद्यावर तीच बघितलीस, आणि इथल्या चार जणांनी तुला वेड्यात काढलं की ती काय रायफल आहे का, ग्रुप येत नाही तिचा (गोळ्या एकत्र पडत नाहीत), गुपचूप माउझर घे.

मी नोकरीनिमित्त तिकडे बरीच वर्षं काढली, आता परत पार्ल्यात, आणि दोन्ही प्रकारच्या रायफली भरपूर मारल्यात, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बस.

पहिली गोष्ट, ते चार जण खोटं बोलत नाहीयेत, पण ते १०० यार्डांचं बोलतायत. कागदावर १०० यार्डांवर चांगली स्वीडिश एम-९६ (तीच ती माउझर) सहज पुढे जाते, धक्का कमी, गोळी सडपातळ, ६.५ मिमी, वाऱ्याला कमी वाहते. ६०० यार्डांपर्यंतच मारायचं असेल तर मीही डोळे झाकून माउझर घे म्हणेन. पण तुझ्या मॅचमध्ये ९०० आहे ना? मग गणित बदलतं, आणि याचं कारण इतकं मजेशीर आहे की ते नीट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माउझरमध्ये बोल्टचे लग (गोळी सुटताना बोल्ट पक्का धरून ठेवणारे खुंटे) पुढे असतात, काडतूस बसतं त्या चेंबरच्या लगेच मागे. ली-एनफिल्डमध्ये ते बोल्टच्या मागच्या टोकाला. त्यामुळे गोळी सुटताना सगळी अ‍ॅक्शन किंचित वाकते आणि नळी चाबकासारखी हलते. गोळी तोंडातून बाहेर पडते त्या क्षणी नळीचं तोंड वर जात असतं. आता बघ, जी गोळी थोडी हळू आहे ती नळीत थोडा जास्त वेळ राहते, म्हणजे ती बाहेर पडेपर्यंत तोंड अजून जरा वर गेलेलं असतं, म्हणजे हळू गोळी जरा वरच्या कोनात निघते. जवळच्या अंतरावर हे नुकसानीचं आहे, ग्रुप उभा पसरतो, म्हणून लोक नावं ठेवतात. पण ८००-९०० यार्डांच्या पुढे हळू गोळी जास्त खाली पडायला हवी ती या चढत्या कोनामुळे सावरली जाते, जलद आणि हळू दोन्ही जवळजवळ एकाच उंचीवर येतात. तिकडचे जुने शूटर याला कॉम्पेन्सेशन म्हणतात, आणि म्हणूनच ६०० पर्यंत पी-१४ आणि ९००-१००० ला ली-एनफिल्ड असं वापरणारे लोक होते. पी-१४ ही .३०३ चीच, पण माउझर धाटणीची, पहिल्या महायुद्धात अमेरिकेत बनलेली. हे कशाला महत्त्वाचं, तर काडतुसांच्या वेगात ३० फूट प्रति सेकंदाचा फरक असला तरी १००० यार्डांवर उंचीत फूटभर फरक पडतो, आणि जुन्या कॅलिबरच्या दारूगोळ्यात ३० चा फरक म्हणजे काहीच नाही.

तेव्हा वेडेपणा अजिबात नाहीये. फक्त मित्राची रायफल धड अवस्थेत आहे का ते बघ, कारण ली-एनफिल्ड बिघडते ती लाकडात. फोरएंड (नळीखालचं पुढचं लाकूड) मागच्या टोकाला, ट्रिगरच्या आसपास जिथे बॉडीला टेकतो तिथलं लाकूड घट्ट बसलं पाहिजे, तिथे ढिलं झालं किंवा तेल पिऊन मऊ झालं की झिरो (नेम आणि गोळी यांचा जुळवलेला मेळ) भटकायला लागतो, सकाळी एक आणि दुपारी एक. नंबर ४ ला फोरएंडच्या टोकाशी नळीवर खालून वर थोडा दाब लागतो, तो आहे का बघ. नळीखाली कागद सरकवून मधे कुठे लाकूड लागतंय का ते तपासायचं, टोकाला सोडून. पुढचा स्क्रू कुणी जोर लावून आवळला असेल तर तेही विचार. लाकूड तासून काही करायला जाऊ नकोस, रायफल तुझी नाही, आणि जुन्या लाकडाला हात लावणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे.

नळी दुसरी गोष्ट. जुन्या मिलिटरी काडतुसात कॉर्डाइट नावाचं स्फोटक असायचं, ते फार गरम जळतं आणि चेंबरच्या पुढचा भाग खातं. वरून युद्धकाळात कुणाच्या नळीला पाच ग्रूव्ह (आतल्या पिळाच्या खाचा) तर कुणाच्या नळीला दोनच, आणि ग्रूव्हपाशी आतला व्यासही .३११ इंचापासून .३१४ पर्यंत काहीही निघतो. झिजलेल्या नळीत बोट-टेल (मागे निमुळती) गोळी नखरे करते, सपाट बुडाची गोळी मागून फुगून नळी भरते आणि बरी चालते. मूळचा मार्क ७ राउंडही १७४ ग्रेनची सपाट बुडाची गोळी, सेकंदाला २४४० फुटांनी सुटणारी असाच होता. मित्र काडतुसं स्वतः भरत (रीलोड करत) असेल तर दोन्ही प्रकार घेऊन जा आणि रायफललाच ठरवू दे. आणि त्याला विचार की वापरलेल्या केसेस (काडतुसांची पितळी आवरणं) तो पूर्ण दाबून मूळ मापाला आणतो (साइझ करतो) की फक्त नेक, म्हणजे गोळी धरणारं तोंड, कारण .३०३ चं हेडस्पेस, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये किती आत बसतं ते, बुडाच्या कडेवर (रिमवर) ठरतं, चेंबर ऐसपैस असतो, पूर्ण साइझ करत राहिलं की केस बुडाशी चिरते. मॅचच्या मधे अर्धी केस चेंबरमध्ये अडकून राहिली की तुझा दिवस तिथेच संपला.

जुना सरप्लस माल, म्हणजे सैन्याची उरलेली काडतुसं, मारणार असशील तर एक ध्यानात ठेव, त्याच्या प्रायमरमधलं क्लोरेट जळून मीठ उरतं. तेलाने ते निघत नाही, पाण्यानेच निघतं. रेंजवरून निघायच्या आधी गरम पाणी नळीतून काढायचं, पुसायचं, मग तेल. मुंबईच्या हवेत लोखंडावर गंज कसा चढतो ते आपल्याला कुणी सांगायला नको, तिकडचा पाऊसही काही कमी नाही.

आता साइट. इथे खरी मेख आहे आणि तू याबद्दल काहीच लिहिलं नाहीयेस. नंबर ४ ची मागची साइट छिद्राची असते, हे तुझ्या पथ्यावर, कारण तू .२२ ला छिद्रातूनच बघतोस. उभ्या पट्टीची असेल तर २०० ते १३०० यार्ड लावता येतात, युद्धकाळातली साधी असेल तर फक्त ३०० आणि ६००, त्या दोन छिद्रांवर ९०० मारणं म्हणजे आकाशातल्या ढगावर नेम धरणं. पण दोन्हीमध्ये वाऱ्यासाठी फिरवायला काही नाही! माशी (नळीच्या टोकाची पुढची साइट) बाजूला सरकवून झिरो करायचा आणि मग वारा आला की नेमच बाजूला धरायचा. माशी वेगवेगळ्या उंचीच्या मिळतात, उंच बसवली तर गोळी खाली, बुटकी बसवली तर वर, एवढं डोक्यात पक्कं असू दे. जुन्या काळी टार्गेट शूटर पार्कर-हेलची ५सी सारखी साइट लावायचे, तिला उंची आणि वारा दोन्हीचे नॉब असतात, पण ती चालेल की नाही हे तुझ्या मॅचच्या क्लासवर आहे, "जशी सैन्याला दिली तशीच" असा क्लास असेल तर नाही चालणार. एन्ट्री भरायच्या आधी नियम वाच बाबा.

वारा. समज ताशी १० मैलांचं आडवं वारं आहे, तर ६०० यार्डांवर मार्क ७ ची गोळी साधारण ३ फूट वाहते. तीन फूट! ९०० ला त्याच्या दुपटीहूनही जास्त. शिवाय १००० च्या आसपास गोळी आवाजाच्या वेगाशी येते आणि तिथे ती डळमळायला लागते, म्हणून ९०० पर्यंत ठीक, त्यापुढे या रायफलीकडून फार अपेक्षा नको. तेव्हा तुझा स्कोर उंचीत नाही जाणार, आडव्यात जाणार. माझ्या मते तयारीचा निम्मा वेळ वाऱ्याला द्यायला हवा, आणि लोक तो सगळा वेळ रायफल कुठली यावर वाद घालण्यात घालवतात.

आणि हे मुंबईत शिकता येतं. वरळीच्या रेंजवर दुपारी समुद्रावरून वारा सुटला की बरेच जण चिडचिड करत डबा खायला जातात, तू नेमका तेव्हाच प्रोनला, म्हणजे पालथा पडून मारायला, घे. ५० मीटरला .२२ ची गोळी वाऱ्याला चांगलीच वाहते. दर गोळीआधी झेंडा बघून मनात म्हण की आता इतकी डावीकडे जाईल, मग बघ किती गेली, वहीत लिही. साइटला हात न लावता नेम बाजूला धरून मारायचाही सराव कर, कोच ओरडेल, ओरडू दे. दुसरं म्हणजे मिराज. ऑक्टोबर हीटमध्ये भर दुपारी शिवाजी पार्कला स्पॉटिंग स्कोप घेऊन बस, मैदानाच्या पलीकडच्या टोकाला धर आणि फोकस किंचित अलीकडे घे, जमिनीवरून उठणारी हवेची लहर दिसते, वारा असला की आडवी पळते, नसला की सरळ वर उकळते. फक्त स्कोप कुणाच्या बाल्कनीकडे नेऊ नकोस, नाहीतर मिराजऐवजी पोलीस दिसतील.

शरीराचं सांगतो, कारण एअर आणि .२२ वाल्यांची इथेच पंचाईत होते. तुझा आत्ताचा ट्रिगर ग्रॅमवर चालतो, मिलिटरी ट्रिगरला दोन-तीन किलोचा दाब लागतो आणि तो दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा गोळा करून थांबायचं, मग दुसरा सरळ मागे. धक्का येणार म्हणून आपोआप डोळे मिटायला आणि खांदा पुढे ढकलायला लागतो, त्यावर उपाय म्हणजे मित्राला सांगायचं की मला न दाखवता कधी डमी राउंड भर कधी खरा, डमीवर माशी खाली बुडाली की कळतं आपण काय करतोय. .२२ ला आपण रायफल जरा अलगद ठेवतो, इथे दस्ता खांद्यात नीट ओढून धरायचा, दर वेळी सारखाच. स्लिंग (हाताला अडकवायचा पट्टा) मात्र तुला येते, ते फुकटचं मिळालेलं भांडवल. बोल्टचं एक वेगळं, ली-एनफिल्ड बोल्ट बंद करताना कॉक होते, त्यामुळे शेवटी पुढे जोर लावावा लागतो आणि त्यात पोझिशन मोडते. घरी डमी घालून कोपर न हलवता बोल्ट चालवायची सवय लागते, पण ते तिकडे गेल्यावरच, कारण आपल्याकडे .३०३ प्रोहिबिटेड बोअर आहे, साध्या लायसन्सवर मिळत नाही. इशापूरची .३१५ मिळते, तिची अ‍ॅक्शन ली-एनफिल्डचीच, कुणा ओळखीच्याकडे लायसन्सची असेल तर त्यांच्यासमोर रिकामी हाताळून बघ, बोल्टचा अंदाज येईल.

बिस्लीबद्दल थोडक्यात. ६०० पर्यंतचं सेंच्युरी रेंजवर होतं, त्यापुढचं स्टिकलडाऊनवर. बहुतेक मॅचमध्ये दोन-तीन जण एका टार्गेटवर आळीपाळीने मारतात, तू मारलीस की टार्गेट खाली जातं, बट्समधला (टार्गेटखालच्या खंदकातला) माणूस भोकावर ठिपका लावून वर पाठवतो, मग पुढचा. म्हणजे तुझ्या दोन गोळ्यांच्या मधे बराच वेळ असतो आणि त्या वेळात वारा बदलतो. शेजारच्याची गोळी कुठे गेली ते बघत राहा, फुकटची माहिती आहे ती. सुरुवातीच्या दोन साइटरमध्ये (स्कोरात न धरल्या जाणाऱ्या गोळ्यांमध्ये) अजिबात घाई नको. बट्समध्ये काम करायची पाळी आली तर कुरकुर करू नकोस, ९०० यार्डांवरून आलेली गोळी डोक्यावरून जाताना काय आवाज करते ते तिथेच कळतं.

क्लबचं मात्र गेल्या गेल्या बघ. तिकडे होम ऑफिसने मान्यता दिलेल्या क्लबात नव्या माणसाला किमान तीन महिने प्रोबेशनवर ठेवतात, मार्चमध्ये पोचून लगेच अर्ज टाकलास तर ऑक्टोबरच्या आत आरामात होतं. स्वतःची रायफल घेण्याच्या भानगडीत पडूच नकोस एका वर्षासाठी.

जाता जाता, तू प्रोफाइलमध्ये कोल्हापूर लिहिलंयस म्हणून. बिस्लीच्या मोठ्या समर मीटिंगमध्ये कोलापोर कप म्हणून टीम मॅच असते, ३००, ५०० आणि ६०० यार्डांची, वेगवेगळ्या देशांच्या टीम उतरतात. तो कप कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेला, १८७१ पासून चालू आहे, तेव्हा ही मीटिंग बिस्लीला नाही, विम्बल्डनला भरायची. दुसरे राजाराम महाराज १८७० मध्ये इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला वारले, तिथल्या बागेत त्यांचं स्मारक आहे. त्या मॅचच्या वेळी तिकडे असलास तर प्रेक्षक म्हणून तरी जाऊन ये, आणि गोऱ्यांना नावाचा खरा उच्चार शिकव.

परत येताना बॅग पूर्ण उलटी करून, शिवणीतसुद्धा हात घालून बघ. शूटिंग जॅकेटच्या खिशात एखादं जिवंत काडतूस राहिलं आणि सहारला विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं तर आर्म्स अ‍ॅक्टची केस होते, आठवण म्हणून राहिलं वगैरे कुणी ऐकत नाही. रिकाम्या केसेसही आणू नकोस, कशाला डोक्याला ताप.

आता तू एक काम कर, मित्राकडून तीन गोष्टी विचारून इथेच टाक. मागची साइट कुठली आहे, पट्टीची की दोन छिद्रांची. नळीला ग्रूव्ह किती आहेत. आणि मॅचच्या कुठल्या क्लासमध्ये एन्ट्री टाकणार आहे. साइट दोन छिद्रांची निघाली आणि बदलायची परवानगी नसली, तर ९०० ला माउझर आणि ६०० ला ली-एनफिल्ड अशी उलटी वाटणी करावी लागेल, वर एवढं कौतुक करूनसुद्धा.