आईच्या स्मरण-उपासनेत बोलण्याआधी

बाळा,
सप्रेम सलाम.

आईच्या स्मरण-उपासनेत बोलण्यासाठी तू लिहिलेलं पान वाचलं. प्रेमळ, कष्टाळू, प्रार्थनाशील, देवभीरू. शब्द चारही खरे आहेत, पण नगरच्या कुठल्याही मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुठल्याही आईसाठी हेच पान वाचलं तरी चालेल. मला त्यात तुझी आई सापडली नाही.

त्या दिवशी पाळक, म्हणजे आपले धर्मगुरू, बहुधा बायबलमधल्या नीतिसूत्रांचा 31वा अध्याय वाचतील. तो तू आधी घरी सावकाश वाच. दहाव्या वचनापासून शेवटपर्यंतची 22 वचनं मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत, एवढी मेहनत कवीने एका गृहिणीसाठी घेतली आहे. आणि ती बाई करते काय? रात्र सरायच्या आत उठते, शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लावते, चाती हातात धरते, तागाची वस्त्रं करून विकते, गरिबाला हात देते. परमेश्वराचं भय बाळगणारी, हे येतं थेट तिसाव्या वचनात, सगळी कामं सांगून झाल्यावर. तू सुरुवातच तिथून केलीस आणि कामं राहूनच गेली.

बायबलमधल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय 9 हाही वाच. यापो गावात टबीथा नावाची, गोरगरिबांना मदत करणारी शिष्या वारली. येशूचा शिष्य पेत्र माडीवर आला तेव्हा विधवा रडत त्याच्याजवळ उभ्या राहिल्या आणि टबीथाने केलेले अंगरखे, कपडे त्याला दाखवू लागल्या. माझ्या मते पवित्र शास्त्रात याहून मोठी श्रद्धांजली नाही.

तेव्हा तुझ्या आईचे अंगरखे शोध. स्त्रीसभेतल्या जुन्या बायकांना या आठवड्यातच भेट, त्यांची वयं झाली आहेत. कुणाच्या बाळंतपणात ती रात्रभर बसली, चर्चमधल्या हंगामाच्या सणाला, पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवशी, लिलावासाठी काय आणायची, कुणाच्या मुलाची फी गुपचूप भरली, हे तुझ्या वडिलांनाही माहीत नसेल. तिचं गीतांचं पुस्तक उघड आणि कोणती पानं जास्त मळली आहेत ते बघ. तिच्या माहेरच्या मंडळीत बाप्तिस्म्याची नोंदवही असेल. माहेरचं नाव, गाव, आईवडिलांची नावं तिथून उतरवून आण. लग्नाआधीही तिचं आयुष्य होतं, आणि आपल्या स्मरणसभांमध्ये ते कधीच ऐकू येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आता जरा अवघड गोष्ट. तुझ्या भावाच्या आजारपणात ती कित्येक महिने उपासनेला आली नव्हती. तू ते गाळलंस. लक्ष्मीबाई टिळकांचं बघ. 1895 मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्या त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. काही वर्षं दुराव्यात गेली. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा झाला तो 1900 मध्ये. नवऱ्याचा संताप, सोवळ्याओवळ्याची ओढ, घरातली भांडणं, यातलं काही त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये झाकलं नाही. म्हणून टिळकांच्या मागे अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे येशूवरचं महाकाव्य पुरं करणारी बाई वाचकाला जवळची वाटते. तिचा विश्वास तिने स्वतः, वेळ घेऊन मिळवलेला आहे.

तुझ्या आईचाही तसाच होता. ती परत आली तेव्हा नेहमीच्या बाकावर बसायला नव्हे, रविवारच्या शाळेत शिकवायला आली. का आली, हे मला तिने कधी सांगितलं नाही. वडिलांना विचार. आणि हे मंडळीसमोर बोलायचं की नाही, तेही त्यांनाच ठरवू दे. ते नको म्हणाले तर हट्ट करू नकोस. घरासाठी मात्र लिहून ठेव.

बोलणं पाच मिनिटांत संपव. शनिवारी उपासनेची तयारी आटोपली की माझ्याकडे ये आणि मोठ्याने वाचून दाखव. मध्येच रडू आलं तर थांबू, पाणी पिऊ, पुन्हा सुरू करू. गाणी कोणती घ्यायची ते मावशीला विचार, लहानपणी दोघी मिळून गायच्या.

तुझ्या,
रविवारच्या शाळेतल्या बाई