फीट (अपस्मार) आहे की नाही ते ठरेपर्यंत गाडीची चावी कोणाकडे?

"मॅडम, डॉक्टरांनी अजून पक्कं काही सांगितलेलं नाही. मग तोपर्यंत गाडी चालवली तर काय बिघडलं?"

समुपदेशनात हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. कुणी एकदाच भोवळ येऊन पडलेलं असतं, कुणाचा हात मध्येच झटके देतो, कुणी बोलता बोलता अर्धा मिनिट हरवतं. निदान झालेलं नसतं, तपासणीची तारीख लांब असते आणि गोव्यात गाडीवाचून पान हलत नाही. आतल्या गावांत संध्याकाळ उलटली की बस मिळेल याची खात्री कोणी देत नाही. त्यामुळे "काही दिवस गाडी बंद ठेवा" हे वाक्य सांगणाऱ्याला सोपं वाटतं, पण ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो.

ज्यांची हकीकत सांगते आहे (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) ते डिचोली तालुक्यातले पायलट. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी: हे विमानाचे पायलट नव्हेत, मोटारसायकलवर भाडं मारणारे. वय चाळिशीच्या आसपास, मुलगा बारावीला.

आधी त्यांची बायको एकटीच आली. घरात चावीवरून रोज भांडण. तिने चावी तांदळाच्या डब्यात लपवली, तर यांनी दुसरी करून आणली. सासूबाईंनी देवळात प्रसाद लावला (म्हणजे देवाचा कौल मागितला), गाऱ्हाणं घातलं, दिश्ट (दृष्ट) काढली. "कौल चांगला मिळाला, म्हणून आता ते कोणाचंच ऐकत नाहीत," ती म्हणाली. गाऱ्हाण्याला माझी हरकत नव्हती. ज्याने घरच्यांना धीर येतो ते मी कधी मोडून काढत नाही. मी एवढंच विचारलं, देवाला नेमकं काय विचारलं होतं? विचारलं होतं, "बरा होईल ना?" गाडी चालवावी का, हे कोणी विचारलंच नव्हतं. ती पहिल्यांदा हसली.

पुढच्या वेळी ते स्वतः आले, रागातच. मी सुरुवातीलाच सांगितलं, इथलं बोलणं बाहेर जात नाही, पण दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर मी गप्प बसू शकत नाही.

"म्हणजे पोलिसांना कळवणार?"

"आधी तुम्हालाच सांगणार. मग कोणाला सांगायचं ते तुमच्यासमोर बसून ठरवू."

ही अट कडू लागते, पण ती आधी सांगितलेली बरी. मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला पुढच्याची प्रकृती ठाऊक नसते. घरच्यांना निदान धोका माहीत तरी असतो.

घडलं होतं ते असं. सकाळी स्टँडजवळच्या हॉटेलात ते पातळभाजी-पाव खात होते. पावाचा तुकडा धरलेला हात बशी आणि तोंड यांच्या मध्येच थांबला. नजर समोरच्या भिंतीवर. तोंडात घास नसताना जबडा चावल्यासारखा हलत राहिला, डावा हात शर्टाचं बटण चाचपत राहिला. सोबत्यांनी हाका मारल्या, उत्तर नाही. कोणीतरी चप्पल हुंगवली. थोड्या वेळाने त्यांनी घास तोंडात घातला आणि विचारलं, "काय झालं, सगळे असे का बघताय?"

(चप्पल, कांदा, हातात किल्ली, यातलं काहीही नको. माणूस पडलाच तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं. झटके पाच मिनिटांपलीकडे गेले तर थेट 108.)

असं तीन-चारदा झालं होतं, पण त्यांच्या मते एकदाही नाही. घरचे याला खोटेपणा म्हणत होते आणि सगळं घोडं तिथेच अडलं होतं. अशा झटक्यात मेंदूचा जो भाग बिघडतो तोच बहुधा आठवण साठवण्याचं काम करतो, त्यामुळे झटका आलेल्याकडे त्या वेळेची नोंदच नसते. ते खोटं बोलत नव्हते, त्यांच्या लेखी खरोखरच काही झालेलं नव्हतं. अशा माणसाशी "तुला फीट येते" म्हणून वाद घालण्यात काही अर्थ नाही. बायकोला सांगितलं, वाद बंद, पुढच्या वेळी मोबाईलवर व्हिडिओ घ्या. घेतला. त्यांनी तो माझ्यासमोर पाहिला, काही बोलले नाहीत, पुन्हा लावायला सांगितला.

मग कोणी न विचारता त्यांनीच एक गोष्ट सांगितली. मुळगावला उतरणारी एक बाई मागे होती. फाटा आला, तिने हाक मारली, खांद्यावर थोपटलं, तरी गाडी सरळ अस्नोड्याच्या दिशेने जात राहिली. भानावर आले तेव्हा ती ओरडत होती. उतरून भांडली, पैसे अर्धेच दिले. "मी म्हटलं, विचारात असेन. पण मॅडम, त्या तुकड्यातला रस्ता मला आठवतच नाही." समोरून खनिजाचा ट्रक आला असता तर, हे वाक्य मी उच्चारलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर ते आधीच उमटलं होतं.

तरी वकिली संपली नव्हती. "ईईजी नॉर्मल आलाय." खरंच आला होता. पण ईईजी म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींची अर्ध्याएक तासाची नोंद. त्या वेळात मेंदूने काही केलं नाही, एवढंच ती सांगते. फीट असणाऱ्या पुष्कळ लोकांचा पहिला ईईजी साफ येतो, म्हणून डॉक्टर कधी रात्रभर जागवून पुन्हा काढतात. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एमआरआयची तारीख पडलेली होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं: तोवर गाडी नाही, नदीत एकट्याने उतरणं नाही, माडावर चढणं नाही. घरच्यांनी यातलं फक्त पहिलं धरून ठेवलं होतं. विहिरीच्या काठावर मात्र ते रोज पाणी ओढत उभे.

कायद्याचं मी थोडक्यात सांगितलं. परवान्याच्या अर्जात, नमुना 1 मध्ये, अपस्माराबद्दल आणि अचानक शुद्ध हरपण्याबद्दल, घेरी येण्याबद्दल सरळ प्रश्न आहे. मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 186 म्हणतं, आपल्या आजारामुळे लोकांना धोका आहे हे माहीत असूनही जो गाडी चालवतो तो गुन्हेगार. दंड पहिल्यांदा 1000 रुपयांपर्यंत, पुढे 2000 पर्यंत. रक्कम फुटकळ आहे, पण 'माहीत असूनही' हे शब्द व्हिडिओ पाहिल्यानंतर त्यांना लागू होत होते. ब्रिटनमध्ये खासगी गाडीसाठी साधारण वर्षभर फीट नसल्याचं पाहतात, बस-ट्रकसाठी औषधाविना 10 वर्षं. आपल्या कायद्यात अशी मुदतच नाही, अर्जावर फक्त हो किंवा नाही. माझ्या मते यामुळेच लोक लपवतात. वर्षभर थांबलं की दार उघडेल हे ठाऊक असेल तर माणूस थांबतो. कायमचं बंद होणार वाटलं की कशाला सांगेल?

एवढं झाल्यावर आम्ही चावीवर आलो. लपवलेली चावी माणूस शोधून काढतोच. म्हणून ती त्यांनीच कोणाकडे द्यायची, हे त्यांनी ठरवायचं. बायकोला द्यायला ते तयार नव्हते, मुलाला तर मुळीच नाही. मोठ्या भावाचं नाव निघालं. दोन्ही चाव्या त्याच्याकडे, एमआरआय होऊन डॉक्टर पुढचं सांगेपर्यंत. मुदत अशी बांधली की थांबणं जमतं. "बरं वाटेपर्यंत" म्हटलं असतं तर दुसऱ्याच दिवशी बरं वाटलं असतं.

खरी बोलणी झाली ती पैशांची. रात्री पणजीहून कॅसिनोवाल्यांची भाडी चांगली मिळतात, म्हणून ते पहाटेपर्यंत जागायचे. कुठे कालो (देवळाचा उत्सव) असला की रात्रभर नाटक, वर दोन पेग. जागरण आणि दारू, दोन्ही फीट ओढून आणणाऱ्या गोष्टी, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ती भाडी सोडली तर हप्ता कसा भरायचा हे कोणी विचारलं नव्हतं. हिशेब मांडला. बँकेकडे मुदत मागितली, मेहुण्याच्या हार्डवेअरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं ठरलं. स्टँडवरच्या सोबत्यांना त्यांनी स्वतः सांगितलं. त्याची त्यांना सर्वांत जास्त धास्ती होती. एकाने थट्टा केली, बाकीच्यांनी त्यांचा नंबर राखून ठेवला.

एमआरआयमध्ये मेंदूच्या एका बाजूला जुना व्रण निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या काही आठवड्यांत झोप झोप व्हायची, मग ते कमी झालं. एकदा बरं वाटतंय म्हणून गोळ्या चुकवल्या आणि दुकानातच झटका आला. तेव्हापासून डबीत वारांप्रमाणे भरून ठेवतात. पायलटाचं काम पुन्हा मिळेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, मीही खोटी आशा दाखवत नाही. मधून मधून ते चिडतात, आणि त्यांना ते चिडणं साजतं. गाडी विकायची की भावाच्या नावावर करायची, यावर घरात दोन मतं आहेत.

अलीकडे बायकोने वेगळाच प्रश्न आणला. मुलगा अठराचा झाला, त्याला लर्निंग लायसन्स काढायचंय. वडिलांचं हे असताना अर्जावर काय लिहायचं? त्यालाही येईल का? मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, अशा जुन्या व्रणातून आलेली फीट सहसा मुलांकडे उतरत नाही, आणि मुलाला आजवर काही झालेलं नाही. अर्ज विचारतो तो त्याच्या प्रकृतीबद्दल, बापाच्या नव्हे. मुलाने 'नाही' लिहिलं. वडिलांनी एकच अट घातली: लायसन्स हातात पडलं तरी रात्रीचं जागरण करून गाडीवर बसायचं नाही.