मुंबईचा टाउन हॉल आणि महापालिकेची इमारत एकच का?

मुंबईचा व्हिक्टोरियाकालीन टाउन हॉल म्हणजे बोरीबंदरसमोरील (आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरील) महापालिकेचीच इमारत का, आणि तिचा इतिहास काय, असे आपण विचारले आहे. या दोन निरनिराळ्या वास्तू आहेत. फोर्टमधील ज्या इमारतीला मुंबईकर टाउन हॉल म्हणतात आणि जिथे एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे, ती 1833 मध्ये, म्हणजे व्हिक्टोरिया राणी गादीवर येण्याच्या चार वर्षे आधीच पुरी झाली. त्या काळी मुंबईला लोकांनी निवडून दिलेले नगरसेवक नव्हतेच.

ते मिळाले 1872 च्या कायद्याने. महापालिकेच्या 64 सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले आणि कारभार वाढत गेला, तशी स्वतःच्या वास्तूची निकड भासू लागली. डिसेंबर 1884 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी या वास्तूची कोनशिला बसवली. स्थानिक स्वराज्याचा 1882 चा ठराव ज्यांच्या कारकिर्दीत झाला, त्यांच्याच हातून, तेही हिंदुस्थानचा निरोप घेताना, हे घडले, याचे मला फार मोल वाटते.

प्रत्यक्ष बांधकाम 1889 मध्ये सुरू झाले आणि 1893 मध्ये संपले. वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांचा इंडो-सारसेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी घाटाचा, आराखडाही विचारात होता. पण पसंती मिळाली ती समोरचे रेल्वे स्थानक उभारणाऱ्या एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय शैलीतील, आराखड्याला. दोन रस्ते जिथे चिंचोळा कोन करून मिळतात, तिथेच त्यांनी प्रवेशद्वार आणि 235 फूट उंचीचा मनोरा ठेवला आणि दोन्ही बाजूंच्या इमारती रस्त्यांच्या कडेने मागे नेल्या. अडचणीच्या जागेचा इतका देखणा उपयोग मुंबईत क्वचितच आढळतो. कमानी गॉथिक असल्या, तरी वरचे घुमट इथल्या मातीतले वाटतात.

स्टीव्हन्स यांचे नाव सगळे घेतात. पण कंत्राटदार व्यंकू बाळाजी कालेवार आणि देखरेख करणारे अभियंता रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांची नावे फारशी कुणाच्या ओठी नसतात. सुमारे 11 लाख 88 हजार रुपयांत, मंजूर रकमेच्या आत, हे काम पुरे झाले, त्याचे श्रेय त्यांनाही दिले पाहिजे.

तिथे गेलात, तर सर फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याजवळ थांबून वर पाहा. प्रवेशद्वारावरच्या त्रिकोणी शिखरावर पंख पसरलेली एक दगडी स्त्री-आकृती आहे. लॅटिनमध्ये ‘अर्ब्स प्रायमा इन इंडिस’, म्हणजे ‘हिंदुस्थानातील पहिले नगर’, म्हणून गौरवलेल्या मुंबईचे ती प्रतीक आहे.